आवड, ध्यास आणि मंत्रचळ : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ॲस्पर्जर सिंड्रोम हे स्वतंत्र निदान अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीतून, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातून वगळण्यात आले. आता त्याचा समावेश ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे स्वमग्नतेच्या विविध रूपांमध्ये होतो. मात्र या वेळच्या सर्व पत्रांमध्ये जुनेच नाव असल्यामुळे उत्तरांतही तेच ठेवले आहे.

प्रश्न : ॲस्पर्जर असलेला आमचा नऊ वर्षांचा मुलगा लिफ्टखेरीज दुसऱ्या कशाविषयी बोलतच नाही. हा विषय घरात बंद करावा, आणि गृहपाठ पूर्ण झाला तरच बक्षीस म्हणून थोडा वेळ त्यासाठी द्यावा, असे त्याच्या शिक्षिकांनी सुचवले आहे. तसे करावे का?

विषय बंद करण्याचा सल्ला मला पटत नाही, आणि बक्षिसाचा तर त्याहून कमी पटतो. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ हान्स ॲस्पर्जर यांनी १९४४ साली ज्या मुलांचे वर्णन केले, त्यांतही कुणाला रसायनांच्या प्रयोगांचे तर कुणाला विषांचे वेड होते. म्हणजे अशा आवडी या अवस्थेच्या वर्णनात पहिल्यापासूनच आहेत. डायना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर यांनी २००५ साली मांडलेल्या विचारानुसार, स्वमग्न व्यक्तीचे लक्ष एका वेळी मोजक्याच गोष्टींकडे, पण फार खोलवर जाते, आणि तेथून ते अचानक काढून घेणे तिला कठीण जाते. त्यात लिफ्ट ही विलक्षण भरवशाची वस्तू आहे. ज्या मजल्याचे बटण दाबावे त्याच मजल्यावर ती थांबते. वर्गातल्या मुलांबद्दल तसे सांगता येत नाही. दिवसभर माणसांचा अंदाज घेऊन थकलेले मूल संध्याकाळी लिफ्टकडे वळते, ते बहुधा विसावण्यासाठी.

म्हणूनच बक्षिसाची योजना उलटण्याची शक्यता असते. ज्या दिवशी शाळेत बिनसलेले असते त्याच दिवशी गृहपाठ अपुरा राहतो, आणि नेमके त्याच दिवशी मुलाचे मन शांत करणारी एकमेव गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली जाते. त्याऐवजी रोजचा एक ठरावीक वेळ त्याला विनाअट द्यावा. मर्यादा घालायची ती विषयाला नव्हे, वेळेला आणि जागेला. वेळ संपण्यापूर्वी दोनदा सूचना द्यावी, उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असे घड्याळ ठेवावे, आणि शक्यतो चित्र किंवा चित्रफीत पूर्ण झाल्यावरच त्याला उठवावे. समोरचा माणूस कंटाळला आहे हे त्याला चेहऱ्यावरून कळत नसेल, तर ‘आणखी सांगू का?’ असे थोड्या थोड्या वेळाने विचारण्याची सवय लावता येते. समोरच्यानेही मग खरे उत्तर द्यायला हवे.

शिक्षिकांना आणखी एक सांगता येईल. लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला तोल राखण्यासाठी जे वजन, म्हणजे प्रतिभार, असतो, त्याचे वजन साधारणपणे रिकाम्या पिंजऱ्याचे वजन अधिक कमाल भाराच्या ४० ते ५० टक्के इतके ठेवलेले असते. शेकडेवारी शिकवायला याहून चांगले उदाहरण या मुलासाठी सापडणार नाही. फक्त प्रत्येक आवडीला अभ्यासाला जुंपू नये. मुलांना तो डाव लगेच ओळखू येतो, आणि मग ती आवडीविषयी मोठ्यांशी बोलणेच सोडून देतात.

प्रश्न : माझे पती रेल्वेची जुनी वेळापत्रके जमवतात, तासन्‌तास लावत बसतात, आणि मध्ये कुणी बोलावले तर चिडतात. त्यांना ॲस्पर्जर आहे. याला मंत्रचळ म्हणावे का, आणि गोळ्यांनी ते कमी होईल का?

तुमच्या पत्रावरून तरी हा मंत्रचळ वाटत नाही. मंत्रचळात, म्हणजे ओसीडीमध्ये, विचार नकोसे असूनही घुसतात, आणि कृती केली जाते ती भीती घटकाभर शमवण्यासाठी; हात पुन्हा पुन्हा धुणाऱ्याला धुण्यात गोडी नसते. तुमच्या पतींना उद्या ही वेळापत्रके कायमची सुटतील असे सांगितले, तर त्यांना सुटका वाटेल की दुःख होईल, याचा विचार करा. मात्र त्यांना थेट विचारून नेहमीच उत्तर मिळेल असे नाही, कारण स्वमग्न व्यक्तींपैकी अनेकांना स्वतःच्या भावना ओळखून शब्दांत मांडणे अवघड जाते. त्यापेक्षा त्यांच्याकडे पाहावे. वेळापत्रके लावून झाल्यावर ते ताजेतवाने दिसतात, की ‘चुकले तर काहीतरी वाईट घडेल’ या धास्तीने तेच काम पुन्हा पुन्हा करून दमतात? दुसरी गोष्ट दिसत असेल तर तपासणी अवश्य करावी, कारण ॲस्पर्जर आणि मंत्रचळ एकाच व्यक्तीत असू शकतात.

हा भेद उपचारासाठी महत्त्वाचा आहे. मंत्रचळावर मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी औषधे आणि भीतीला सामोरे जाऊनही कृती टाळण्याचा सराव, हे दोन्ही उपयोगी पडतात. आवडीच्या बाबतीत तोच सराव म्हणजे निव्वळ आनंद हिरावून घेणे ठरेल. औषधांचे म्हणाल तर, स्वमग्न मुलांमधील पुनरावृत्तीच्या वर्तनासाठी सिटॅलोप्रॅम हे सेरोटोनिनवरच काम करणारे औषध देऊन पाहणारी, १४९ मुलांची एक अमेरिकी चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीत हे औषध निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. राहिला चिडण्याचा प्रश्न. तो बहुतेक वेळा आवडीचा नसून अचानक मोडलेल्या एकाग्रतेचा असतो, आणि किती वाजता उठायचे हे आधी ठरवून घेतल्याने पुष्कळ कमी होतो. घरकामाची आणि मुलांची जबाबदारी मात्र त्यांच्यावरही आहे. ॲस्पर्जर हे त्यातून सुटण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रश्न : माझ्या चौदा वर्षांच्या मुलीला घोड्यांचे वेड आहे. तसे तर अनेक मुलींना असते. मग तिच्या बाबतीत ॲस्पर्जरची शंका घेण्यात अर्थ आहे का?

घोड्यांच्या आवडीवरून काहीच ठरत नाही. पाहायची ती आवडीची तीव्रता आणि तिचे रूप : ती घोड्यांवर मैत्रिणींशी गप्पा मारते, की एकटीने जातींच्या याद्या करते? बेत बदलला तर थोडी हिरमुसते, की कोसळते? मुलींच्या आवडी वरकरणी चारचौघींसारख्या दिसत असल्यामुळे त्यांचे निदान अनेकदा उशिरा होते, हे खरे आहे. परंतु शंका घ्यायची तर लोकांत वावरताना येणारा थकवा, आवाज किंवा स्पर्श सहन न होणे आणि लहानपणापासूनची वाढ, हे सारे एकत्र पाहूनच घ्यावी.

प्रश्न : मला ॲस्पर्जर आहे, वय सव्वीस. एका सहकारी मुलीविषयीची सर्व माहिती मी गोळा करतो आणि रोज तिला संदेश पाठवतो. ती उत्तर देत नाही. माझा हेतू वाईट नाही.

तुमच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण संदेश आजच थांबवा. आकाशातल्या ताऱ्यांची माहिती कितीही गोळा केली तरी ताऱ्यांना त्याचा त्रास होत नाही; माणसाला होतो, आणि उत्तर न देणे हा बहुतेक लोकांचा नकार देण्याचा मार्ग असतो. हा नियम कुणी तुम्हाला स्पष्ट सांगितला नसेल, म्हणून मी सांगतो. असे वागणे त्या मुलीला भीतिदायक वाटू शकते, आणि ते तुमच्या नोकरीवर बेतू शकते किंवा कायद्याच्या कारवाईपर्यंतही जाऊ शकते. माफीचा संदेशसुद्धा पाठवू नका. तिची जमवलेली माहिती काढून टाका, आणि मन वारंवार तिकडेच जात असेल तर ॲस्पर्जरची माहिती असलेल्या समुपदेशकाची मदत घ्या.

प्रश्न : वय एकेचाळीस. नकाशे हा माझा वीस वर्षांचा ध्यास होता. गेल्या तीन महिन्यांत मी एकही उघडलेला नाही. घरचे म्हणतात, ‘बरे झाले, सुटले एकदाचे.’

घरच्यांशी मी सहमत नाही. आवडी बदलतात, एक मागे पडून दुसरी पुढे येते, आणि त्यात काळजीचे कारण नसते. तुमच्या पत्रात मात्र नकाशांच्या जागी दुसरे काहीच आलेले दिसत नाही, आणि झोप व भूक बिघडल्याचाही ओझरता उल्लेख आहे. हे नैराश्याचे लक्षण असू शकते, आणि ॲस्पर्जर असलेल्या प्रौढांमध्ये ते निसटते, कारण चेहऱ्यावर दुःख दिसत नाही आणि डॉक्टरांनी विचारलेल्या ‘कसे वाटते?’ या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. तेव्हा याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, आणि भावनांचे वर्णन जमले नाही तरी पूर्वी दिवसाचे किती तास नकाशांत जात होते आणि आता किती जातात, एवढे कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. जगणे नको असे विचार येत असतील, तर भेटीच्या वेळेची वाट न पाहता आजच जवळच्या रुग्णालयात जा, आणि घरातल्या कुणाला तरी बरोबर न्या.