काळ्या गाडीवरचे पाण्याचे पांढरे डाग शाम्पूने जात नाहीत, घरी काय करता येईल?

तुम्ही पुण्यात वाघोलीला राहता आणि गाडी टँकरच्या पाण्याने धुतली जाते, असं लिहिलंय. मग डाग बहुतेक क्षारांचेच. खडकवासला धरणाचं नळाचं पाणी बरंच हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असतं. बोअरचं पाणी खडकातून झिरपत येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, आणि टँकरमध्येही बऱ्याचदा तेच असतं. उन्हात थेंब वाळतो, पाणी उडून जातं, क्षार पत्र्यावर राहतात. गीझरच्या कॉईलवर बसतो तोच हा थर. साबण मळ काढतो, हा नाही.

आधी गाडी सावलीत धुऊन कोरडी करा आणि डागावरून बोटाचं टोक फिरवा. खरखरीत लागलं तर क्षार वरच बसलेत, काम सोपं आहे. बोटाला गुळगुळीत लागतं पण कडं तसंच दिसतं, म्हणजे क्लिअर कोटला, रंगावरच्या पारदर्शक थराला, चट्टा पडलाय. त्यावर व्हिनेगर कितीही ओता, उपयोग नाही.

खरखरीत डागांसाठी किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत घालतात ते, बॅटरीचं ॲसिड नव्हे, हे सांगावं लागतं!) एकत्र करा. पत्रा गार हवा, तेव्हा सकाळी लवकर किंवा बेसमेंटमध्ये करा. मायक्रोफायबरचं फडकं त्यात भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, घासू नका. व्हिनेगरमधलं ॲसिड क्षार विरघळवतं, तुम्ही फक्त अलगद टिपून घ्यायचं. वाळू न देता भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच पुसा. गरज पडली तर पुन्हा. मात्र यात रंगावरचं मेणही (वॅक्स) निघून जातं, त्यामुळे शेवटी वॅक्सचा हात द्यावाच लागतो.

बाथरूमच्या टाइल्सचं ॲसिड कुणी सुचवलं तर हात जोडा. रंगाबरोबर क्रोम आणि ॲल्युमिनियमही जाईल.

आता एक शंका. डाग बॉनेटभर ठिपक्यांचे आहेत, की एकाच जागी जाड, ओघळल्यासारखे? दुसरं असेल तर वर बघा, पार्किंगचा स्लॅब गळत असेल. काँक्रीटमधून उतरणाऱ्या पाण्यात चुना असतो, तो रंगाला नुसत्या क्षारांपेक्षा लवकर खातो. व्हिनेगर तिथेही चालतो, पण लवकर हात घाला आणि गाडी आधी तिथून हलवा. सोसायटीला अर्ज वगैरे नंतर.

चट्टा पडलाच असेल तर बारीक पॉलिश हाताने, थोड्या जागेत करून बघा. क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. गॅरेजमधलं जाडं रबिंग कंपाउंड आणि मशीन घरी चालवायच्या भानगडीत पडू नका. हे काम चांगल्या डिटेलिंगवाल्याचं, म्हणजे गाडीचा रंग साफ-पॉलिश करून देणाऱ्याचं.

काचेवरचे डागही व्हिनेगरने जातात. हट्टी असतील तर काचेचं सेरियम ऑक्साइड पॉलिश मिळतं, ते रंगाला लावायचं नाही.

पुढचं म्हणाल तर गाडी पुसणाऱ्याला सांगा, शेवटचा हात कोरड्या फडक्याने मार, ओल्या नको. आणि आरओच्या वेस्टचं पाणी वाचवून त्यानेच गाडी धुवायची सवय अनेक घरांत असते. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते संडासात टाकायला वापरा.