लेण्यात काढलेला एचडीआर फोटो एडिटिंगनंतर प्लास्टिकचा का दिसतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपापाशी उभं राहून दाराच्या दिशेने कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो काढले, लाइटरूममध्ये जोडून एकच फोटो (म्हणजेच एचडीआर) केला, तरी खांबांभोवती पांढुरकी कड येते आणि दगड प्लास्टिकसारखा दिसतो. तर सॉफ्टवेअर बदलावं का?

एवढ्यात नका बदलू. मीही त्याच जागी तेच केलंय. माझा पहिला फोटो बघून आमच्या आईने विचारलं होतं, "हे लेणं रंगवलं कधी?"

आधी फोटो काढतानाचं बघू, कारण निम्मी चूक तिथेच झालेली असते. चैत्यगृह जवळजवळ 38 मीटर खोल आहे आणि उजेड येतो तो मुख्यतः समोरच्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या मोठ्या गवाक्षातून. गवाक्षाबाहेरचं आकाश आणि बाजूच्या खांबांमागचा अंधार यांत इतका फरक असतो की तीन फोटो बहुतेक वेळा पुरत नाहीत. मी एफ 8 ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं ते) आणि आयएसओ 100 (उजेडाची संवेदनशीलता) वर पाच काढले: 1/250, 1/60, 1/15, 1/4 आणि एक सेकंद. म्हणजे दर वेळी दोन स्टॉपची उडी (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). बदलायचा तो फक्त शटर. ॲपर्चर बदललं तर पुढचं-मागचं किती स्पष्ट दिसतं तेच बदलतं आणि मग ते फोटो एकमेकांवर नीट बसत नाहीत. फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स एकच, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). पुरेसे फोटो झाले की नाही हे हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळोख आणि उजवीकडे उजेड दाखवणारा आलेख, सांगतो: सगळ्यात काळ्या फोटोत आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला नसावा आणि सगळ्यात उजळ फोटोत डाव्या.

पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडला परवानगी लागते. मी पंचाची घडी जमिनीवर ठेवली, तिच्यावर कॅमेरा किंचित वर करून टेकवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला. या कोनातून छताच्या लाकडी कमानी अशा काही दिसल्या की आता ट्रायपॉडची परवानगी मिळाली तरी मी पंचाच नेईन. शक्यतो सकाळी जा. चैत्य पश्चिमाभिमुख आहे, दुपार कलली की ऊन थेट गवाक्षातून आत घुसतं आणि काम दुप्पट अवघड होतं.

आता लाइटरूम. पाचही फोटो निवडून राइट क्लिक, फोटो मर्ज, एचडीआर. खिडकी उघडली की 'ऑटो अलाइन' राहू द्या, 'ऑटो सेटिंग्ज'ची खूण काढा. तुमचा फोटो बिघडवणारा मुख्य गुन्हेगार माझ्या मते हाच. तो हायलाइट्स (उजळ भाग) पार खाली आणि शॅडोज (अंधारे भाग) पार वर नेऊन ठेवतो, मग आपण त्यावर क्लॅरिटी (बारकावे ठळक करणारा स्लायडर) चढवतो, आणि कड उमटते. या स्लायडर्सचा हिशोब एकेका बिंदूचा नसतो, आजूबाजूचा भाग बघून ठरतो. त्यामुळे काळा खांब आणि उजळ गवाक्ष जिथे भेटतात तिथे उजळपणा एका बाजूचा दुसऱ्या बाजूला सांडतो. (कड पांढरी नसून जांभळी असेल तर ती लेन्सची देणगी. 'रिमूव्ह क्रोमॅटिक ॲबरेशन'वर टिचकी मारा, बहुधा जाईल.)

जोडून तयार होते ती डीएनजी फाइल (रॉचाच एक प्रकार). तिच्यात एक्सपोजरचा स्लायडर उणे 10 ते अधिक 10 फिरतो. साध्या रॉ फाइलमध्ये तो 5 वरच थांबतो. आधी फक्त तोच फिरवा आणि मधल्या भागातले खांब डोळ्याला पटेपर्यंत आणा. मग हायलाइट्स उणे 60 च्या आसपास, शॅडोज 20-25, त्याहून जास्त नाही. आणि शेवटी ब्लॅक्स थोडे खाली ओढा. हे उलटं वाटेल. एवढा खटाटोप करून मिळवलेला तपशील पुन्हा काळोखात का ढकलायचा? कारण लेणं अंधारंच असतं. खांबांमागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर डोळ्यांनाही धड दिसत नाही, फोटोत तिथली छिन्नीची प्रत्येक खूण दिसली की मेंदू म्हणतो, काहीतरी खोटं आहे. क्लॅरिटी मी शून्यावर ठेवतो. फार तर कमानींवर मास्क लावून (म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून) दहा.

एकविरा आईचं देऊळ दाराशीच आहे, तेव्हा रिकामं चैत्यगृह मिळेल ही आशा सोडा. माझ्या पाच फोटोंत हिरव्या लुगड्यातल्या एक आजी पाच ठिकाणी होत्या, आणि जोडल्यावर त्यांच्यातून आरपार खांब दिसत होते. त्यासाठी 'डीघोस्ट' आहे. आधी 'लो' वापरून बघा, कारण तो जिथे लागतो तिथे एकाच फोटोतला भाग उचलतो आणि अंधाऱ्या जागी रवा (दाणेदारपणा) दिसायला लागतो.

पैसे न देता करायचं असेल तर ल्युमिनन्स एचडीआर फुकट आहे. त्यात उजेड-अंधाराचा मेळ घालायचे वेगवेगळे पर्याय आहेत, त्यातला 'फत्ताल' नाट्यमय दिसतो म्हणून सगळे तोच निवडतात. तुम्ही 'राइनहार्ड'पासून सुरुवात करा. आणि एकाच जेपेगच्या उजळ-काळ्या तीन प्रती करून त्या जोडायचा उद्योग करू नका. जे आकाश मूळ फोटोत पांढरं जळालंय, ते तिन्ही प्रतींत जळालेलंच असतं.