रात्री साडेअकराला अंतराळ स्थानक बघत बसते, माझं काही बिघडलंय का?

"ताई, मी ४१ वर्षांची, डोंबिवलीत राहते. नोकरी, डबे, सासूबाईंची औषधं, सगळं आवरलं की साडेअकराला किचनमध्ये बसून मोबाइलवर नासाचं अंतराळ स्थानकाचं लाइव्ह बघते, आवाज बंद करून. खूप शांत वाटतं. नवरा चिडतो, म्हणतो त्यात बघण्यासारखं काय आहे. चांद्रयान-३ उतरलं तेव्हा हाच माणूस टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवत होता! जाऊबाई म्हणतात हे डिप्रेशन आहे."

अगं, जाऊबाई डॉक्टर कधी झाल्या?

काही बिघडलेलं नाहीये तुझं. दिवसभर जो तो तुला हाक मारतोय, डबा कुठंय, गोळी दिली का, आणि ही एकच स्क्रीन अशी की जी तुझ्याकडे काही मागत नाही, नुसते ढग सरकतायत. गंमत बघ, ते स्थानक ताशी २८,००० किलोमीटरने पळतंय, मुंबई-पुणे वीस सेकंदांच्या आत (आपण घाटात अडकतो ते सोड), पण ४०० किलोमीटरवरून समुद्र कसा निवांत सरकतो, मग अंधारी बाजू येते, सगळं काळं, आणि एकदम कडेला निळी रेघ उजळते. मी पण बघते गं, एकदा भाजी करपलीये माझी त्या नादात. दीड तासात पृथ्वीभोवती एक फेरी, दिवसाला १६ सूर्योदय, एखादा चुकला तरी पुढचा आहेच.

पण खरं सांग, नंतर झोप लागते ना? की बघता बघता दोन वाजतात आणि साडेपाचला परत गजर? तसं असेल तर बाराचाही गजर लाव. आणि दिवसाही कशात मन लागत नसेल, उगाच रडू येत असेल, तर मात्र डॉक्टरांना भेट, जाऊबाईंना नाही.

नवऱ्याचं मला वेगळंच वाटतं. त्याचा राग अंतराळावर नाहीये, तू मोकळी असतेस तो एकच तास आणि तोही मोबाइलला जातो, हे खुपतंय त्याला. त्याला गच्चीवर ने. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' ॲपवर आपल्या गावावरून स्थानक कधी जाणार ते कळतं, पहाटे नाहीतर अंधार पडल्या पडल्या. पश्चिमेकडून ठळक ठिपका वर येईल, विमानासारखा लुकलुकणार नाही, आवाज नाही, चार-पाच मिनिटांत गायब. आत माणसं बसलीयेत म्हणून सांग त्याला.

सासूबाईंची गोळी तेवढी आधी देऊन जा, नाहीतर नेमकी तेव्हाच हाक येईल.