रोझरी मागे का पडली?

प्रश्न : वसईतील आमच्या गावात रविवारी चर्च भरते, परंतु घरोघरी होणारी सायंकाळची रोझरीची (जपमाळेची) प्रार्थना बंद पडत चालली आहे. श्रद्धा कमी झाली, असे समजावे काय?

उत्तर : केवळ श्रद्धेकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. ही प्रार्थना केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांवर चालणाऱ्या संसाराशी बांधलेली होती. काम घरालगतच असल्यामुळे दिवेलागणीला लहानथोर सारे एकत्र गुडघे टेकू शकत. वाड्या घटल्या, जमिनी बांधकामासाठी विकल्या गेल्या आणि नोकरीसाठी चर्चगेटची लोकल धरणारा माणूस रात्री नऊनंतर घरी पोहोचू लागला. तोवर मुलांची जेवणे उरकलेली असतात. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेने (चर्चमधील मुख्य उपासनेने) रविवारी मिस्सेला जाण्याचे कर्तव्य पूर्ण होते, ही कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील तरतूद पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिकांना किती मोलाची आहे, हे त्यांच्या घरी गेल्यावरच कळते.

मला याहून अधिक खटकते ते पैशाचे दडपण. मुलाच्या प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारासाठी (मिस्सेतील पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याच्या विधीसाठी) हॉल, कॅटरर आणि बँड चर्च मागत नाही, शेजारपाजार मागतो. आणि ज्यांना ते परवडत नाही, ती कुटुंबे संकोचाने हळूहळू चर्चच्या कार्यक्रमांपासूनही दूर राहू लागतात. धर्मगुरूंनी याबाबत स्पष्ट बोलावे, असे मला मनापासून वाटते.

रोझरीपुरते सांगायचे तर ऑक्टोबर महिन्यात गावच्या क्रुसापाशी रात्री साडेनऊची वेळ ठेवून पाहावी.