वाचकांचे प्रश्न : बोरीबंदरच्या चित्रकार्डाचे वय

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत मुंबईतील सार्वजनिक इमारतींची काही जुनी चित्रकार्डे सापडली. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (म्हणजे बोरीबंदर स्थानकाच्या) रंगीत कार्डावर १९०९ चा टपालशिक्का असून चित्रात घोड्यांची ट्राम दिसते. पाठीमागे पत्त्याखेरीज काही नाही आणि मजकूर चित्राच्या कडेला दाटीवाटीने लिहिलेला आहे. महापालिकेच्या इमारतीचे कार्ड मात्र कोरेच आहे. ही कार्डे कोणत्या वर्षांची समजावीत? तिकिटे काढून ठेवून कार्डे लॅमिनेट केली तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चित्रकार्डाला एक नव्हे, तीन तारखा असतात : छायाचित्र टिपल्याची, कार्ड छापल्याची आणि ते टपालात पडल्याची. शिक्का यांतली फक्त शेवटची सांगतो, आणि नवे संग्राहक नेमके तिथेच फसतात.

आपल्या कार्डाच्या बाबतीत या तिन्ही तारखा वेगळ्या काढता येतात, हे आपले भाग्य. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारलेली व्हिक्टोरिया टर्मिनसची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, तर मुंबईत घोड्यांच्या ट्रामची जागा विजेच्या ट्रामने घ्यायला १९०७ मध्ये सुरुवात झाली. त्यामुळे छायाचित्र बहुधा या दोन वर्षांच्या दरम्यानचे आहे. छपाईचा माग पाठीवर मिळतो. पूर्वी ती बाजू केवळ पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून मजकूर चित्राच्या कडेला कोंबावा लागे. मध्ये उभी रेघ ओढून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहिण्याची मुभा ब्रिटनमध्ये १९०२ साली आणि जर्मनीत १९०५ साली मिळाली. भारतात विकली जाणारी पुष्कळ कार्डे याच देशांत छापली जात असल्याने रेघ नसलेले आपले कार्ड साधारण १९०५ पूर्वीच्या छपाईचे मानायला हरकत नाही. मग ते १९०९ पर्यंत कोठे होते? दुकानाच्या फळीवर किंवा कोणाच्या तरी टेबलाच्या खणात. जुना साठा संपेपर्यंत विकला जाई, यात नवल काही नाही.

महापालिकेच्या कोऱ्या कार्डासाठी इमारतीसमोरची जागा निरखून पाहावी. इमारत १८९३ ची आहे, आणि तिच्यासमोरचा सर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा १९२३ साली उभा राहिला. कॅमेरा समोरून लावलेला असूनही पुतळा दिसत नसेल, तर छायाचित्र त्याआधीचे आहे. अशा वेळी इमारतीपेक्षा तिच्या पुढ्यातला रस्ता अधिक बोलका ठरतो, असा माझा अनुभव आहे.

रंगावर मात्र विसंबू नये. छायाचित्र कृष्णधवल असे आणि रंग छापखान्यात चढवले जात; ज्या कारागिराने आकाश गुलाबी केले त्याने बोरीबंदर कधी पाहिलेही नसेल. भिंगाखाली चित्र बारीक ठिपक्यांचे दिसले तर ती छपाई आहे. ठिपके न दिसता छटा सलग उतरत गेल्या तर ते छायाचित्रण-कागदावर काढलेले खरे छायाचित्र असण्याचा संभव असतो. असे कार्ड हाती लागल्यास ते अधिक जपावे.

लॅमिनेशन कृपया करू नये. उष्णतेने चिकटद्रव्य कागदात कायमचे मुरते, ते पुन्हा सोडवता येत नाही. पीव्हीसीची स्वस्त पाकिटेही काही वर्षांनी चिकट होतात. त्याऐवजी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे घ्यावीत, आणि नोंद करायचीच असेल तर ती पाकिटावर करावी. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात संग्रह ठेवू नये.

तिकिटेही काढू नयेत. शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा कार्डावर उमटलेला असतो. तिकीट भिजवून सोडवले की शिक्का तुटतो आणि आपण विचारलेल्या प्रश्नाचा एक तृतीयांश पुरावा आपल्याच हाताने पुसला जातो.