एमएस-डॉस ६.२२ (मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) वर दुसरी हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह दिसत नाहीत. ड्रायव्हर कुठे मिळतील, की सप्लायर म्हणतो तसा मशीनचा कंट्रोलरच बदलावा?

साध्या आयडीई (जुन्या पीसीतल्या रुंद पट्टी-केबलवरच्या) हार्ड डिस्कला डॉसमध्ये ड्रायव्हर लागत नाही. तुम्ही शोधताय ती फाइल अस्तित्वातच नाही. डिस्क ओळखण्याचं काम बायोसचं, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधल्या, पीसी सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं. डॉस फक्त इंटरप्ट १३ या ठरलेल्या हाकेने बायोसकडे सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे डेटाचे तुकडे, मागतं. बायोसला डिस्क दिसली तर डॉसला दिसेल, नाही दिसली तर सहसा ड्रायव्हर शोधून उपयोग नाही. सीडी ड्राइव्हचं वेगळं आहे, त्याला खरोखरच ड्रायव्हर लागतो. ते पुढे लिहितो.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या सप्लायरच्या वाक्यामुळे. "या जुन्या सिस्टिमचे ड्रायव्हर आता मिळत नाहीत, कंट्रोलर बदला." हेच वाक्य मी भोसरीच्या एमआयडीसीत, माझ्यासमोर उभं राहून बोललेलं ऐकलंय.

मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. बरीच वर्षं एका टूलरूममध्ये मेंटेनन्सला होतो. आमच्याकडे क्वालिटीच्या एसी खोलीत एक सीएमएम होतं, म्हणजे प्रोबने (स्पर्शाच्या सुईने) पार्टची मापं घेणारं मशीन, ग्रॅनाइटच्या टेबलाचं, आणि त्याला एक ४८६ पीसी जोडलेला. त्यावर डॉस, मशीनच्या कंपनीचा मोजमापाचा प्रोग्राम आणि आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसवलेलं इंटरफेस कार्ड. दिवाळीच्या सुट्टीत सगळं बंद होतं. सुट्टी संपल्यावर मशीन चालू केलं तर काळ्या स्क्रीनवर दोन ओळी आल्या: सीमॉस चेकसम फेल्युअर आणि खाली सी ड्राइव्ह फेल्युअर.

सर्व्हिस इंजिनिअर आला. लॅपटॉप उघडला, फोनवर कुणाशी तरी बोलला आणि निकाल दिला की डिस्क गेली, तिचे ड्रायव्हरही आता मिळत नाहीत, नवीन कंट्रोलर आणि नवीन सॉफ्टवेअर घ्या, मग पुन्हा कॅलिब्रेशन. कोटेशन लाखांत होतं. मी वर्क्स मॅनेजरना म्हटलं, "साहेब, पहिली ओळ बॅटरीची आहे. डिस्कचं मागाहून बघू." ते म्हणाले, "तू वायरिंगचं बघ. कॉम्प्युटरला हात लावायचा नाही." सगळ्यांसमोर म्हणाले. इंजिनिअर काहीच बोलला नाही. स्क्रीनवर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत होतं, तरी तो गप्प राहिला, याचा राग मला आजही आहे.

त्या डिस्कवर काय होतं ते ऐका, म्हणजे राग का ते कळेल. प्रत्येक सीएमएमच्या अक्षांत बारीक चुका असतात. लेसर इंटरफेरोमीटरने त्या मोजून त्यांची एक फाइल बनवतात आणि प्रोग्राम प्रत्येक मापातून ती चूक वजा करतो. ही फाइल त्या एकाच मशीनची असते. तशाच मॉडेलच्या दुसऱ्या मशीनची आणून चालत नाही. म्हणजे "डिस्क गेली" या दोन शब्दांत ती फाइलही गेली, आणि कॅलिब्रेशनचा सगळा खर्च नव्याने आला.

मालक स्वतः जुन्या वळणाचे, लेथवर उभे राहून वर आलेले. संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "बिघडवणार नाहीस ना?" मी म्हटलं, लिहून देतो.

झालं होतं असं. त्या काळच्या बोर्डांवर डिस्कची मापं, म्हणजे सिलिंडर, हेड आणि सेक्टर, बायोसच्या सेटअपमध्ये हाताने भरलेली असतात आणि सीमॉस नावाच्या मेमरीत एका छोट्या बॅटरीवर टिकतात. सुट्टीत बॅटरी संपली, मापं पुसली गेली, म्हणून बायोसच्या लेखी डिस्क नव्हतीच. डिस्क बाहेर काढून लेबल वाचलं. तिन्ही आकडे त्यावर छापलेले होते. सेटअपमध्ये टाइप ४७ निवडला, तोच वापरकर्त्याने भरायचा टाइप, आणि आकडे टाकून सेव्ह केलं. मशीन चालू झालं. सी प्रॉम्प्ट आला, प्रोग्राम आला, प्रोब होमला गेला. नवीन फाइल एकही नाही, ड्रायव्हर एकही नाही. मास्टर बॉल, म्हणजे माप माहीत असलेला गोळा, मोजून बघितला, माप बरोबर.

बॅटरीबद्दल एक सांगतो, कारण इथे लोक बोर्ड मारतात. त्या बोर्डांवर सोल्डर केलेली निळी, पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती गळते आणि शेजारचे ट्रॅक खाते. ती काढून टाकायची आणि जागा साफ करायची. पण तिच्या जागी नाण्याएवढा लिथियम सेल थेट लावायचा नाही, कारण बोर्ड त्या जागेला चार्जिंग देतो. बऱ्याच बोर्डांवर बाहेरून बॅटरी जोडायला चार पिना आणि एक जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, तिथे जोडा. मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून सेल आणि होल्डर आणून तसंच केलं.

आता तुमची दुसरी हार्ड डिस्क. आधी जंपर बघा, एक मास्टर, एक स्लेव्ह. मग बायोसमध्ये तिची नोंद करा. बायोसला दिसूनही डॉसला दिसत नसेल तर तिच्यावर डॉसला कळणारं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखून दिलेला भाग, नाही. विंडोजच्या नव्या कॉम्प्युटरवर एनटीएफएस किंवा फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क ६.२२ ला वाचता येत नाही. फॅट१६ हवं आणि एक पार्टिशन जास्तीत जास्त २ जीबीचं. मशीन ४८६ च्या काळातलं असेल तर बायोस बहुधा १०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर याच्या पुढे मोजत नाही. म्हणजे ५२८ एमबी. त्यावर ४० जीबीची डिस्क लावून ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नाही.

एफडिस्क, म्हणजे डॉसचा पार्टिशन करायचा प्रोग्राम, चालवताना पर्याय ५ ने दुसरी डिस्क निवडली आहे याची खात्री करा, नाहीतर चालू डिस्क पुसाल. आणि दुसऱ्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन बनवू नका, फक्त एक्स्टेंडेड बनवून त्यात लॉजिकल ड्राइव्ह करा. डॉस आधी सगळ्या डिस्कांच्या प्रायमरी पार्टिशनांना अक्षरं वाटतं, लॉजिकलची पाळी नंतर. तुमच्या पहिल्या डिस्कवर सी आणि डी असतील आणि दुसरीवर प्रायमरी केलंत, तर नवी डिस्क डी होईल आणि जुना डी सरकून ई होईल. मशीनचा प्रोग्राम डेटा डी वर शोधत असेल तर तो बंद पडेल, आणि सप्लायर पुन्हा म्हणेल की सिस्टिम जुनी झाली.

सीडी ड्राइव्हला दोन तुकडे लागतात. एक ड्रायव्हर कॉन्फिग.सिसमध्ये, दुसरा एमएससीडेक्स, म्हणजे सीडीला ड्राइव्हचं अक्षर देणारा प्रोग्राम, ऑटोएक्झेक.बॅटमध्ये. या दोन फाइली डॉस सुरू होताना वाचतं. आयडीई सीडी ड्राइव्हला बहुतेक वेळा ओकसीडीरॉम.सिस चालतो. तो विंडोज ९८ च्या स्टार्टअप फ्लॉपीवर आहे, कुठे विकत घ्यायला नको. ड्राइव्ह स्कझी (आयडीईहून वेगळी, सहसा स्वतःचं कार्ड लागणारी जोडणी) असेल तर आधी कार्डाचा एएसपीआय मॅनेजर, म्हणजे कार्डाचाच ड्रायव्हर, आणि त्याच्या खालच्या ओळीत सीडीचा एएसपीआय ड्रायव्हर. अ‍ॅडॅप्टेकच्या नेहमीच्या कार्डांचे हे ड्रायव्हर त्याच फ्लॉपीवर मिळतात. एमएससीडेक्स तर ६.२२ च्या डॉस डिरेक्टरीत आधीच आहे.

कॉन्फिग.सिसमधली ओळ साधारण अशी: डिव्हाइस=सी:\ओकसीडीरॉम.सिस /डी:एमएससीडी००१. ऑटोएक्झेक.बॅटमधली अशी: सी:\डॉस\एमएससीडेक्स.ईएक्सई /डी:एमएससीडी००१. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत. /डी च्या पुढचं नाव दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखं हवं. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे ओ पडला तर डिव्हाइस ड्रायव्हर नॉट फाउंड असा संदेश येतो, आणि लोक लगेच दुसरा ड्रायव्हर शोधायला निघतात. ड्रायव्हर लोड झालेला असतो, फक्त त्याला चुकीच्या नावाने हाक मारलेली असते. ड्राइव्हची अक्षरं पुरत नाहीत असा संदेश आला तर कॉन्फिग.सिसमध्ये लास्टड्राइव्ह=एच लिहा. स्मार्टड्राइव्ह (वाचलेला डेटा मेमरीत धरून ठेवणारा, म्हणजे कॅशे करणारा प्रोग्राम) वापरत असाल तर ते एमएससीडेक्सच्या नंतर, नाहीतर सीडीला कॅशे मिळत नाही.

कुठली ओळ अडतेय ते बघायला स्टार्टिंग एमएस-डॉस दिसताच एफ८ दाबा. डॉस एकेक ओळ विचारत पुढे जातं आणि बहुतेक ड्रायव्हर स्वतःचा संदेश छापतात. तो वाचा. मोबाइलवर फोटो काढा. हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला आहे. डॉसमध्ये लपलेलं काही नसतं. काय लोड होतं आणि कोणत्या क्रमाने, हे त्या दोन फाइलींत लिहिलेलं आहे. फाइली वाचल्याशिवाय जो माणूस कंट्रोलर बदला म्हणतो, त्याने तपासणी केलेलीच नाही.

आमच्याकडे पुढे सीडी ड्राइव्हही लागला, प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीसाठी. ड्राइव्ह जुन्या बाजारातून आणला, रविवारी तिथे ढिगाने पडलेले असायचे. वरच्या दोन ओळींत तो दिसायला लागला, पण मोजमापाचा प्रोग्राम म्हणाला मेमरी पुरत नाही. डॉसच्या प्रोग्रामांना मिळणाऱ्या ६४० केबीतून ड्रायव्हर आणि एमएससीडेक्स दोघांनी आपापला वाटा घेतला होता. पुस्तकी उत्तर असं की ईएमएम३८६ हा डॉसचा मेमरी मॅनेजर घाला आणि ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या मेमरीत ढकला. ज्या पीसीत मशीनचं इंटरफेस कार्ड आहे तिथे मी हे करत नाही. अशी कार्डं वरच्या मेमरीतली एखादी खिडकी वापरतात, ती ईएमएम३८६ ला नेहमी कळतेच असं नाही, आणि दोघं एकाच जागेवर आले की मशीन चालता चालता अडकतं. चालता चालता अडकलेला प्रोब काय करू शकतो ते सीएमएमवाल्यांना सांगायला नको. कार्डाचा पत्ता मॅन्युअलमध्ये असेल तर एक्स=डी०००-डी७एफएफ असा तेवढा भाग वगळता येतो, पण मला ती जोखीमच नको होती.

त्याऐवजी कॉन्फिग.सिसमध्ये मेनू केला. डॉस ६ पासून ही सोय आहे: चौकटी कंसात मेनू असा विभाग करायचा, त्यात मेनूआयटमच्या ओळी, आणि प्रत्येक पर्यायाचा आपला विभाग. एक पर्याय रोजच्या कामाचा, सीडीशिवाय. दुसरा सीडीसह, फक्त कॉपी करायला. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये कॉन्फिग या व्हेरिएबलवरून गोटू करून दोन वाटा केल्या. ऑपरेटर मुलींना एकदा दाखवलं, पुन्हा कुणी मला बोलावलं नाही.

वर्क्स मॅनेजरनी नंतर मीटिंगमध्ये सांगितलं की प्रॉब्लेम आपोआप सुटला. आपोआप काही सुटलं नव्हतं. मालकांनी माझी पगारवाढ केली, पण ते वाक्य कुणी दुरुस्त केलं नाही, म्हणून इथे लिहितोय. फिटर, इलेक्ट्रिशियन, मशीनवरचा ऑपरेटर या माणसांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हा नियम ज्यांना जुनी मशीनं वाचता येत नाहीत त्यांनी केलेला आहे. पिंपरी, भोसरी, चाकण इथल्या किती चांगल्या मशीनांचे कंट्रोलर नुसत्या बॅटरीपायी भंगारात गेले असतील. तुमच्या मशीनवर रोज उभा राहणारा माणूस कोण आहे? आधी त्याला विचारा की बिघाडाच्या दिवशी स्क्रीनवर पहिली ओळ कोणती आली.

काही इशारे राहिले. डिस्कची मापं लेबलवरून भरली तरी ती पूर्वी वेगळ्या मापांवर फॉरमॅट केलेली असू शकते, मग डेटा वाचला जाणार नाही. अशा वेळी तिच्यावर काहीही लिहू नका, आधी जुनी मापं शोधा, बऱ्याचदा कुणीतरी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलेली असतात. दुसरं, हे सगळं करण्याच्या आधी डिस्कची पूर्ण प्रत घ्या. मात्र अगदी जुन्या, एलबीए (सेक्टरना सलग क्रमांक द्यायची पद्धत) न समजणाऱ्या डिस्का यूएसबी अ‍ॅडॅप्टरवर दिसत नाहीत. त्यांना खरं आयडीई पोर्ट असलेला पीसी लागतो. तिसरं, डिस्क खरखर करत असेल तर माझी सगळी वरची बडबड बाजूला ठेवा, ती खरंच मरतेय. तिची प्रत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डावर घ्या. ते साध्या अ‍ॅडॅप्टरने आयडीईला जोडता येतं, पण प्रत्येक जुनं बायोस ते मान्य करेलच असं नाही. आणि कुणी फ्रीडॉस (डॉसचा मोफत पर्याय) टाका म्हटलं तर घरच्या पीसीवर जरूर टाका, चांगलं आहे, त्याचा यूडीव्हीडी२.सिस साटा या नव्या जोडणीचा सीडी ड्राइव्हही ओळखतो. चालत्या मशीनवर मात्र डॉस बदलू नका.

तुम्ही बोर्ड कोणता, डिस्क किती एमबीची, काहीच लिहिलेलं नाही, त्यामुळे याहून नेमकं सांगता येत नाही. चालू होतानाच्या पहिल्या स्क्रीनचा, दोन्ही डिस्कांच्या लेबलांचा आणि त्या दोन फाइलींचा फोटो इथे टाका. तोवर कोटेशनवर सही करू नका, आणि सप्लायरकडून लेखी मागा की नेमका कोणता ड्रायव्हर मिळत नाहीये.