‘औपचारिकता आहे, सही करून टाका’

प्रश्न : आमची छोटी नोंदणीकृत संस्था शिक्षकांची प्रशिक्षणं घेते. एका मोठ्या संस्थेला अनुदान मिळालं, त्यांनी आम्हाला सोबत घेतलं. तीन महिने काम सुरू आहे, सगळं फोनवर आणि ईमेलवर. आता त्यांनी दोन पानी सामंजस्य कराराचा मसुदा पाठवलाय. ‘याला काही बंधन नसतं, औपचारिकता आहे,’ म्हणतात. सही करावी का?

उत्तर : आत्ता नको. कागदाच्या डोक्यावर ‘सामंजस्य करार’ लिहिलंय की ‘करारनामा’, यावर बंधन ठरत नाही. आतला मजकूर आणि दोघांचा इरादा पाहिला जातो. (बंधनच नसेल तर सहीची एवढी घाई का, हे मी तरी विचारलं असतं.)

आधी एक गोष्ट विचारून घ्या : अनुदान परदेशी आहे का? असेल, तर एफसीआरए, २०१० (परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) चं कलम ७ आडवं येतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घेणारी संस्था ती दुसऱ्या कुणालाही हस्तांतरित करू शकत नाही. तुमची स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही. अशा वेळी मसुद्यातला ‘निधीतील वाटा’ हा शब्दच दोघांना गोत्यात आणेल. मग व्यवहाराची रचनाच बदलावी लागेल, आणि त्यासाठी सीएला सोबत घेऊन बसा.

निधी देशातला असेल तर अडचण दुसरी. ‘वाटा परस्पर संमतीने ठरेल’, असं मसुदा म्हणतो. आणि संमती झालीच नाही तर? करार कायदा, १८७२ च्या कलम २९ प्रमाणे ज्याचा अर्थ निश्चित नाही आणि करताही येत नाही, तो करार शून्य. म्हणून कामाचे टप्पे, प्रत्येकाची रक्कम, ती किती दिवसांत द्यायची, अनुदानाचा हप्ता अडकला तर तुम्ही काम थांबवू शकता का, हे सगळं परिशिष्टात लिहून घ्या.

झालेल्या तीन महिन्यांचा मोबदला बुडाला असं समजू नका. तोंडी आणि ईमेलवरचा करारही करारच असतो. तो सिद्ध झाला नाही, तरी फुकट करण्याचा इरादा नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याला करार कायद्याच्याच कलम ७० खाली भरपाई द्यावी लागते. पण तुमच्या मसुद्यात दोन वाक्यं आहेत : करार सहीच्या तारखेपासून लागू, आणि आधीची सर्व बोलणी रद्द. दोन्ही मिळून तुमचे तीन महिने पुसायला निघालीत. पहिल्यात काम सुरू झाल्याची तारीख घाला, दुसरं काढून टाका.

प्रशिक्षण साहित्याबद्दल मसुदा गप्प आहे. ते तुमच्या पगारी कर्मचाऱ्यांनी नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल, तर एरवी हक्क तुमच्या संस्थेचा. बाहेरच्या कुणाकडून लिहून घेतलं असेल, तर आधी त्यांच्याकडून लेखी हस्तांतर घ्या. मोठ्या संस्थेला साहित्य वापरू द्यायचं असेल, तर फक्त या प्रकल्पापुरता परवाना द्या. मालकी देणारच असाल, तर मुदत लिहा. न लिहिल्यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते.

बाहेर पडण्याचं कलम दोघांना सारखं हवं. सध्या नोटीस द्यायची मुभा फक्त त्यांना आहे. आणि सही कोण करणार याचा ठराव कार्यकारिणीत करून घ्या; त्यांच्याकडूनही तशाच ठरावाची प्रत मागा.

आज त्यांना एवढंच ईमेल करा : मसुदा मिळाला, काम अमुक तारखेपासून सुरू आहे, दुरुस्त्या पाठवत आहोत. फोनवर मात्र ‘चालेल’ म्हणू नका.